एकच सीट बाकी

“वाशीम वाशीम वाशीम! ए चाला, एकच सीट बाकी, एकच सीट!”

शेलूबाजारच्या चौकात बाबा जीपच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. जीपमध्ये तेव्हा सगळं मिळून एकच माणूस बसलेलं होतं, आणि ते म्हणजे मी. मांडीवर बॅग, बॅगेवर जवसाच्या चटणीचा डबा, नजर घड्याळावर. पुण्याची ट्रॅव्हल्स संध्याकाळी वाशीमहून सुटणार होती आणि दुसऱ्या दिवशी माझी पहिली नोकरी सुरू होणार होती. पण ड्रायव्हरची पोरगी असले म्हणून काय झालं? रिकामी जीप बाबांनी जन्मात कधी हलवली नव्हती.

“माही पोरगी पुन्याले चालली,” बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. “लय मोठी लॅब हाय. हिच्या सहीबिगर तिथल्या डॉक्टरायचं पान हालत नाही.”

“रक्त काढाले चालली,” मला निरोप द्यायला आलेली आई म्हणाली.

आमच्या घरात हे असंच. बाबा फुगवतात, आई टाचणी लावते. मी कोणावर गेले आहे ते पुढे वाचून तुम्हीच ठरवा.

बाबांच्या आवाजाबद्दल आधी सांगून टाकते. शेलूबाजारात त्यांनी ‘वाशीम’ म्हटलं की अनसिंगच्या स्टँडावर झोपलेली माणसं गाडी आली समजून उठून बसायची. त्या दिवशी त्या आवाजाने जीप अशी भरली, अशी भरली की काचेवरच्या मोठ्या निळ्या ‘जयभीम’च्या मागे नुसती डोकीच डोकी दिसत होती. एक अख्खं साखरपुड्याचं वऱ्हाड, दोन शेळ्या, सोयाबीनची पोती आणि एक तलाठी. तलाठ्याच्या मांडीवर एक शेळी होती. खोटं वाटत असेल तर तलाठ्याला विचारा. शेळी आता हयात नाही.

आणि एवढं करून निघालो, तर अर्ध्या वाटेत, दूर तुरीच्या शेताच्या पल्याड एका बुढीनं हात वर केला. माणूस कसलं, ठिपका होता तो. बाबांनी करकचून ब्रेक मारला.

“बाबा, माही ट्रॅव्हल्स जाते नं!”

“हात केला तिनं.”

“तिले येवाले अर्धा घंटा लागन!”

“मंग? हात केला का थांबाच लागते.”

थांबलो. बुढी आली, तिचं गाठोडं आलं, ती कोणाच्या तरी गुडघ्यावर बसली. बाबांनी मागे वळून नेहमीचा प्रश्न विचारला, “मांगं कोनी राह्यलं का?” आणि गिअर टाकला. वाशीमला पोचलो तेव्हा ट्रॅव्हल्स स्टँडवरून हलली होती. बाबांनी जीप सरळ तिच्या तोंडापुढे आडवी लावली आणि खाली उतरून त्या ड्रायव्हरला म्हणाले, “रस्ताभर मी थांबलो. आता तू थांब.”

अशी मी गाव सोडून पुण्याला आले.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही इकडे आलो ते सुधारलो. आणि माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना मी काय सांगू. त्यांना माहीतच आहे की माणूस इकडे येतं आणि त्याच्या सवयी दोन-चार वर्षांनी मागच्या गाडीने येतात. माझी एक सवय तर माझ्याआधीच पोचली होती. आपल्याकडे चार माणसं पळताना दिसली की पाचव्याने पळायचं, कारण नंतर विचारायचं. आग असेल, बैल उधळला असेल, टँकर आला असेल.

तर मी पहाटे स्कूटीवरून घरोघरी रक्ताचे नमुने गोळा करायला निघाले होते. समोरून शंभरेक माणसं जीव खाऊन पळत आली. बायका, माणसं, म्हातारे, सगळे. मी स्कूटी लावली, डोक्यावरचं हेल्मेट तसंच, पायात चप्पल, आणि त्यांच्यासोबत पळत सुटले. दोन-तीन चौक ओलांडले. शेवटी शेजारून पळणाऱ्या एका पांढऱ्या केसांच्या बाईला धापा टाकत विचारलं, “काकू, कुठं लागली आग?”

“आग नाही गं,” ती म्हणाली, “हाफ मॅरेथॉनची तयारी.”

म्हणजे कोणी मागे लागलेलं नाही, पुढे काही फुकट वाटत नाहीत, आणि ही एवढी माणसं अंथरुणातून उठून नुसती पळताहेत! मला हसू आलं. पण त्या बाईनं माझ्या चपलांकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं आणि म्हणाली, “चपलेत इतकं पळतेस, बुटात काय करशील? रविवारी ये.” त्या सुलभाताई. टेलिफोन खात्यातून निवृत्त. डॉक्टरांनी त्यांना गुडघे बदला म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर बदलला.

रविवारी गेले ती गेलेच. ही पळणाऱ्यांची जात निराळीच, बरं का. मनगटावरच्या घड्याळाने नोंद घेतली नाही तर ते पळणं झालंच नाही असं समजतात. दहा किलोमीटरला शंभर मीटर कमी पडले म्हणून एक इंजिनियर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांभोवती गोल गोल पळताना मी या डोळ्यांनी पाहिला आहे. वॉचमनने त्याला धरलाच होता. बुटांचे किलोमीटर संपले म्हणून धडधाकट बूट काढून टाकतात. बाबांच्या जीपचं मीटर माझ्या जन्माआधी बंद पडलं, ती अजून चालते. आणि एवढं पळून, घाम गाळून, शेवटी सगळे मिळून टपरीवर पोहे असे हाणतात की गाळलेलं सगळं दुप्पट परत. पण प्रेमळ लोक. कोणाचा पाय मुरगळला तर दहा जण स्प्रे घेऊन धावतात. शहरात मला नावाने हाक मारणारी पहिली माणसं हीच.

एकच गोष्ट मला पचायला जड गेली. स्पर्धेत सगळ्यांच्या मागून आयोजकांची एक गाडी येते. जो फार मागे पडेल, ज्याच्याने वेळेत होणार नाही, त्याला उचलून घेते. मला वाटलं, वा, काय सोय आहे! पण त्या गाडीत बसायची पळणाऱ्यांना मरणाची लाज. सुलभाताई दोन वर्षं लागोपाठ त्या गाडीत बसून आल्या होत्या. एवढी हसरी बाई, पण त्याबद्दल बोलताना खाली बघायच्या. “मला एकदाच, फक्त एकदा, स्वतःच्या पायांनी त्या शेवटच्या गेटातून जायचंय,” म्हणायच्या. “मग गुडघे काय, काहीही बदला.”

आपल्याकडे याच्या अगदी उलट. एप्रिलमध्ये जयंतीला गावी गेले तेव्हा सकाळी रस्त्यावर पळायला निघाले. पहिली मोटरसायकल थांबली. “बस, सोडून देतो.” नको म्हटलं. दुसरी थांबली, तिसरी थांबली. दुधवाला थांबला, पिठाच्या गिरणीवाला थांबला. “काहून पळून राह्यली? गाडी बिघडली का?” नको म्हटल्यावर प्रत्येकाचं तोंड असं उतरायचं जणू मी त्याच्या घरचं पाणी नाकारलं. मी परत फिरेपर्यंत गावात दोन बातम्या होत्या: एक, माझं नवऱ्याशी भांडण झालं (लग्न अजून व्हायचं होतं तरी), दोन, माझं डोकं फिरलं. आणि समोरून भरलेली जीप घेऊन बाबा.

“बस.”

“बाबा, मी पळून राह्यली.”

“दिसते मले. बस.”

“नाही बसत. हे पळनंच हाय, बाबा. याच्यात बसत नसतात.”

बाबांनी थोडा विचार केला, जीप वळवली, पहिला गिअर टाकला आणि घरापर्यंत माझ्या शेजारून चालवत राहिले. जीपमधली माणसं खिडकीतून डोकी काढून, “दम खाय वं बाई, दम खाय!” “पाय उचल नं, रस्ता काय पुसून राह्यली?” अशी मला शिकवणी देत होती. त्यांना जायचं होतं वाशीमला, आणि जीप चालली होती उलट्या दिशेला. एकानेही तक्रार केली नाही.

मग मला झेंडा मिळाला. पळणाऱ्यांत पेसर म्हणून एक असतो. पाठीवर वेळ लिहिलेला झेंडा लावून तो ठरलेल्या वेगाने पळतो, आणि ज्यांना त्या वेळात पोचायचं ते त्याच्या मागे राहतात. मला तीन तासांचा झेंडा दिला. मी घरी फोन केला.

“म्हनजे तू ड्रायवर झाली,” बाबा म्हणाले.

“झेंडा पाठीवर बांधते,” आई मागून म्हणाली.

बाबा बघायला पुण्याला आले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही दुसऱ्याच्या गाडीत सीटवर बसून. रस्ताभर त्या ड्रायव्हरला गिअर सांगत आले असणार. आई आली नाही. “पयताना काय पाहाचं?” म्हणाली. मी बाबांना गेटाजवळ उभं केलं आणि सांगितलं, “तीन तासाचा झेंडा दिसला का समजा मी आली. झेंडा टायमातच येते.” पेसरचा नियम तसाच आहे. मागे कोणी राहिलं तरी झेंडा थांबत नाही. गेट साडेतीन तासांनी बंद होतं.

सुरुवातीला माझ्यामागे माणसं कशी लागली म्हणता! मी ओरडतच निघाले होते, “चला चला, तीन तास, तीन तास, जागा आहे!” आवाज कुठून आला हे सांगायला नको. सुलभाताई माझ्या खांद्याला खांदा लावून होत्या. पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत हसत होत्या. मग त्यांचा उजवा गुडघा रुसला. एक पाऊल मागे, दोन पावलं मागे. मी वळून पाहिलं तर त्या कुठल्या कुठे, आणि त्यांच्यामागे, अगदी मुंगीच्या चालीने, ती गाडी. गाडीतला माणूस चांगला होता बिचारा. “बसा ना काकू,” म्हणत होता.

सुलभाताईंनी गाडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला.

आता मला सांगा, शेलूबाजारच्या जीपवाल्याच्या पोरीने काय करायचं?

मी झेंडा सोडवला, माझ्या ग्रुपमधल्या निखिल नावाच्या तरण्याबांड पोराच्या पाठीला बांधला आणि म्हटलं, “टायमात ने.” आणि थांबले.

पुढचे पाच-सहा किलोमीटर आम्ही दोघी कशा आलो ते विचारू नका. आमच्या बाजूने एक आजोबा कुत्र्याला घेऊन गेले. मग कुत्रं एकटं गेलं. सुलभाताई म्हणत होत्या, “तू जा गं, झेंडा गेला तुझा,” आणि माझा हात मात्र सोडत नव्हत्या. त्यांचं लक्ष घड्याळावर नव्हतं. त्या रस्ता बघत होत्या.

शेवटच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे मला तो आवाज आला.

“वाशीम वाशीम वाशीम! दोन सीट बाकी! दोन सीट बाकी हाय, हवा काढू नोका!”

झालं होतं असं, की झेंडा आला आणि झेंड्याखाली मी नव्हते. बाबांनी निखिलला धरला. “माही पोरगी कुठी हाय?” त्याने सांगितलं. वेळ संपत आली, माणसं रस्त्यावरच्या वेळ मोजायच्या चटया गुंडाळायला लागली. तिथलं गेट म्हणजे हवेने फुगवलेली रबराची कमान. तिचा पंखा बंद करायला एक पोरगा गेला, तर पंख्यावर बाबा बसलेले. “उठा काका, संपलं.” “कसं संपलं? मांगं मानसं हायेत.” “काका, नियम आहे.” “माह्या रूटचा बी नियम हाय.” आणि तिथे बसल्या बसल्या त्यांनी तोंडाला हात लावून हाक घातली. माझा अंदाज आहे की ती मुंबईपर्यंत ऐकू गेली. आवरून घरी निघालेली माणसं मागे फिरली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण सगळे मिळून “वाशीम वाशीम” ओरडायला लागले. पुण्यातल्या भर रस्त्यावर! अर्ध्यांना तर वाशीम कुठे आहे तेही ठाऊक नसेल.

सुलभाताई स्वतःच्या पायांनी गेटातून गेल्या. घड्याळात तेव्हा किती वाजले होते यावर दोन मतं आहेत. आयोजकांचं मत वेगळं आहे. आमचं मत असं की गेट उभं होतं. मेडल वाटणाऱ्या पोरीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पंख्यावरच्या बाबांकडे पाहिलं आणि मेडल सुलभाताईंच्या गळ्यात घातलं. सुलभाताई रडल्या, मी रडले, निखिल रडला. बाबा पंख्यावरून उठले, कमान हळूहळू बसली, आणि त्यांनी सगळ्यांना जयभीम घातला.

पुढच्या वर्षी झेंडा दुसऱ्याला देण्यात येईल, असं मला फार गोड शब्दांत कळवण्यात आलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. त्या झेंड्यासाठी मी वर्षभर पहाटे उठले होते.

आता आपल्या गावाजवळून तो मोठा थोरला रस्ता गेला आहे. त्याच्यावरच्या गाड्यांना कोणी हात केलेला दिसतसुद्धा नाही. बाबांची जीप जुन्या रस्त्यावरच असते, अन् पूर्वीसारखी भरत नाही. तरी चौकात एकच सीट बाकी असते. मला लोक विचारतात, पुण्यात रमलीस का, गाव आठवतं का. आठवतं म्हणजे काय, मी ते रोज पहाटे बूट बांधून बाहेर काढते. माझ्यामागे आता रविवारी दहा-बारा बायका पळतात, झेंड्याशिवाय. निघताना मी वळून एकच प्रश्न विचारते, तो कोणाचा ते तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशी पोहे खाता खाता बाबांनी आईला फोन लावला. टपरीवर सगळे ऐकत होते.

“अवं, काय सांगू तुले! लाखभर मानसं पयाले. लाखभर! अन् आपली पोरगी शेवटून दुसरी आली.”

तिकडून आईने विचारलं,

“शेवटची कोन होती?”

“एक बुढी. हिच्याच संगं आली, हाताले धरून.”

“मंग बराबर हाय,” आई म्हणाली.