त्याऐवजी काय, ते लिहा

वृंदाताई साळवींच्या पर्समध्ये एक निळं बॉलपेन असायचं. ते लोकांनी लावलेल्या सूचनांसाठी राखीव होतं. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत ‘लिफ्ट बंद आहे’ असा कागद लागला की त्याखाली त्यांच्या अक्षरात यायचं, ‘बी विंगची चालू आहे. गच्चीवरून इकडे येता येतं. चावी वॉचमनकडे.’ एकदा बँकेच्या बंद पडलेल्या एटीएमवर ‘समोर मेडिकलशेजारी दुसरं आहे’ असं लिहिताना तिथल्या रखवालदाराने त्यांना हटकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “आधाच लिखा है तुमने. बाकी का मैं लिखती.” रखवालदार बाजूला झाला आणि त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

त्या आणि मी महापेच्या एका कंपनीत एकाच कामावर होतो. एका कंप्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कंप्युटर चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं, त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि जगभरातले लोक मिळून तो लिहितात. त्यातल्या काहींना त्यांच्या कंपन्या त्यासाठी पगार देतात, तसे आम्ही. हा खोटा कंप्युटर सुरू करताना एक लांबलचक आज्ञा टाईप करावी लागते. त्याला काय काय जोडायचं, ते सांगणारे पर्याय त्या आज्ञेत असतात. इतक्या वर्षांत ज्याला जे सुचलं ते त्याने घातलं, त्यामुळे एकाच कामाला तीन-तीन पर्याय होऊन बसले. जुने पर्याय काढण्याचं काम वृंदाताईंकडे होतं. जिला रिकामं श्रीखंडाचं डबडंही टाकवत नाही अशा बाईला हे काम कुणी दिलं, हे मला कधीच कळलं नाही.

पर्याय एकदम काढायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. आधी जाहीर करायचं. मग दोन आवृत्त्यांपर्यंत तो चालू ठेवायचा, पण वापरणाऱ्याला दर वेळी पडद्यावर एक पिवळी ओळ दाखवायची, की हा पर्याय जाणार आहे. त्यानंतर काढायचा. बाकीच्यांना एवढं पुरत असे. वृंदाताई मात्र कुणी लिहिलेली ओळ मोठ्याने वाचायच्या आणि म्हणायच्या, “नुसतं जा म्हणतोयस. कुठे जा, ते कोण सांगणार?” त्याऐवजी काय वापरायचं, ते लिहिल्याशिवाय त्या कुणाचंही काम पुढे जाऊ देत नसत. परदेशातले सहकारी त्यांच्यावर वैतागायचे, पण लिहायचे.

जुन्या यंत्राची वायर थेट खोट्या कंप्युटरला जोडणारा एक पर्याय असाच जाणार होता. दोन आवृत्त्या उलटल्या होत्या आणि कुणाचीही तक्रार नव्हती. मी म्हटलं, “ताई, कुणी वापरत नाही. काढून टाकू.”

“तक्रार नाही म्हणजे कुणी वाचलं नाही, निखिल. आमच्या सोसायटीत पाण्याची नोटीस कोण वाचतं? नळ कोरडा पडला की सगळे खाली येतात.”

त्यांनी ओळखीपाळखीत चौकशी सुरू केली. त्यांच्या शेजाऱ्याचा मावसभाऊ हरेश घरत जासईच्या एका कंटेनर यार्डात वजनकाट्यावर होता. तिथला वजनाचा प्रोग्राम इतका जुना होता की नव्या कंप्युटरवर चालत नसे, म्हणून घरतांनी कुणाकडून तरी शिकून तो आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवला होता. वायर जोडायला वापरला होता नेमका हाच पर्याय. एका शनिवारी वृंदाताई मला घेऊन जासईला गेल्या.

घरतांनी आमच्यासमोर यंत्रणा सुरू केली. पडद्यावर पिवळी ओळ उमटली.

“ही बघता ना रोज?” वृंदाताईंनी विचारलं.

“रोज बघतंय मॅडम. ही पिवली लाईन आली का समजाचा, काटा जागा झाला. नाय आली तं मी बंद करून परत चालू करतंय.”

मला हसू आलं. वृंदाताई हसल्या नाहीत. आम्ही ज्या ओळीने धोका सांगत होतो, त्या ओळीवर हा माणूस निर्धास्त होता. पुढच्या आवृत्तीत पर्याय गेला असता तर यंत्रणा सुरूच झाली नसती, ट्रेलर रस्त्यापर्यंत उभे राहिले असते आणि ही जोडणी कुणी केली म्हणून घरतांची नोकरी धोक्यात आली असती. वृंदाताईंनी तिथेच बसून नवा पर्याय लावून पाहिला. वजनाचा पहिला आकडाच गळायला लागला.

“मॅडम, या ट्रेलरचा वजन रिक्षाएवरा दाखवतंय,” घरत म्हणाले.

म्हणजे त्याऐवजी जे वापरा म्हणून आम्ही सांगत होतो, तेच धड नव्हतं. वृंदाताईंनी जुनी आज्ञा परत बसवली आणि म्हणाल्या, “मी सांगितल्याशिवाय हे जाणार नाही.”

“आनि तुमी नसल्या तं?”

त्यांनी पेन काढलं. पडद्याशेजारच्या पुठ्ठ्यावर आपला नंबर लिहिला आणि त्याखाली, मला न विचारता, माझा. परतताना गाडीत मी म्हटलं, “विचारायचं तरी.”

“हो म्हणाला असतास?”



दिवाळीच्या आधी वृंदाताई गेल्या. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. सोसायटीच्या फलकावर निधनाचा कागद होता आणि त्याखाली बरीच जागा कोरी होती. त्या कोऱ्या जागेकडे बघून मला रडू आलं.

थोड्याच दिवसांत एका सहकाऱ्याने सभ्य भाषेत सगळ्यांना मेल पाठवली. त्या पर्यायावर एकाच व्यक्तीचा आक्षेप होता, ती आता नाही, तर काढावा का? मी उत्तर द्यायच्या आधी घरतांचा फोन आला.

“मॅडमचा फोन लागत नाय. सनाला काटा कसा हाय इचारतात, या दिवालीला नाय इचारला.”

मी सांगितलं. मग ते म्हणाले, “मंग आता आमचा कोन बघनार?”

मी मेलला उत्तर दिलं, की जासईत एक माणूस हा पर्याय वापरतो आणि त्याऐवजी द्यायला आपल्याकडे काही नाही. मग गळणारा आकडा शोधायला बसलो. हिवाळा त्यातच गेला. दोष सापडला, दुरुस्त झाला, आणि मी जासईला जाऊन नवी आज्ञा बसवली. ट्रेलरचं वजन ट्रेलरइतकं आलं. जुना पर्याय आता सुखाने काढता येणार होता.

घरतांना मात्र चैन पडेना. पिवळी ओळ दिसत नव्हती. शेवटी सुरुवातीलाच एक पिवळी ओळ छापली जाईल अशी सोय मी करून दिली. तिच्यात ‘काटा चालू आहे’ एवढंच लिहिलं. ते खूश झाले.

निघताना पुठ्ठ्याकडे लक्ष गेलं. वृंदाताईंचा नंबर त्यांनी खोडला नव्हता. माझ्या नंबराखाली जागा होती. घरतांनी खिशातलं पेन काढलं.

“साहेब, तुमच्याखाली कोनाचा लिवू?”