भातगिरणीतल्या दोन रांगा

वडिवळ्याच्या रतनबाईंच्या तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. पौषातली थंडी, म्हणून दार लोटलेलं. नथूभाऊ चुलीशी हात शेकत बसले होते आणि बायकोच्या चेहऱ्याचा अंदाज घेत होते.

"आज बी गिरणी न्हाई?"

"न्हाई."

"मग माज्यासंगं वावरात चल. न्हाईतर हितं बसून भांडी संपवशील. काल तांब्या असा घासलास, पाणी धरतोय का बगाया पायजे."

रतनबाई हसल्या नाहीत. एवढ्यात दाराची कडी वाजली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गावात कोणी कडी वाजवून येत नाही, अंगणातूनच हाक येते.

नथूभाऊंनी दार उघडलं, तर बाहेर कामशेतच्या भातगिरणीचे धाकटे शेठ. अंगात कोट, टोपी हातात, आणि धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने लाल झालेलं. सायकल पंक्चर झाली म्हणून अर्धी वाट चालत आले होते.

"रतनबाई आहेत का?" त्यांनी विचारलं.

आत रतनबाईंनी पदर सावरला. आपल्याला कशावरून बोलणी खावी लागणार, हे त्यांना ठाऊक होतं.

रतनबाई त्या गिरणीत लागल्या तेव्हा धाकट्यांचे वडील, थोरले शेठ, कारभार बघत होते. इंजिनाने भात सडून निघालं, की तांदूळ पाखडायला आणि निवडायला बायका लागत. लोणावळ्याच्या बंगल्यांतून, पुण्याच्या पेठांतून या आंबेमोहर तांदळाला मागणी असायची. पडवीत बायकांच्या दोन रांगा समोरासमोर बसत. प्रत्येकीने आपलं सूप निवडायचं, पण ढिगात ओतायचं नाही, समोरचीकडे सरकवायचं. समोरचीने एकदा नजर फिरवायची, उरलासुरला खडा काढायचा, मगच ओतायचं. ही रीत कोणी घालून दिली कोणास ठाऊक, पण त्या गिरणीत ती होती. रतनबाईंच्या समोर बयाबाई बसे. तिला खडा सापडला की अख्ख्या पडवीला कळायचं.

"रतन, ह्यो कुणासाठी राखलास गं? सासऱ्यासाठी?"

"सासरा गेला माजा. तुज्यासाठीच ठिवला. चाव, दात हायेत का बगू."

मग दोन्ही रांगा हसत. हसता हसता सुपं चालत. दिवस कधी कलला ते कळत नसे. घरी भाताचा पहिला घास घेताना रतनबाईंना वाटे, आत्ता कुठे तरी बंगल्यातला एखादा साहेब आपण निवडलेला भात निर्धास्त चावत असेल. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या वाटण्यावरच त्या रोज कामशेतची वाट तुडवत.

थोरल्या शेठना दम्याने अंथरुणाला खिळवलं आणि दिवाळीपासून धाकटे शेठ गिरणीत बसू लागले. माणूस वाईट नव्हता. मुंबईला कापडगिरणी बघून आले होते, तिथे कोणी कोणाशी बोलत नाही हे त्यांच्या मनात भरलं होतं. माडीवरच्या काचेतून त्यांना पडवी दिसे: बायका बोलताहेत, हसताहेत, एकाच सुपाला दोघींचे हात लागताहेत. त्यांना तो वेळेचा नास वाटला. खाली येऊन विचारावं, हे मात्र सुचलं नाही. मुकादम दत्तोबा निरोप घेऊन येई आणि उंबऱ्यातूनच सांगे.

"शेठ म्हणतात, बोलायचं नाही."

दोन दिवसांनी, "शेठ म्हणतात, ज्याचं सूप त्यानंच ओतायचं."

आणि मग, "शेठ म्हणतात, तोंडं भिंतीकडं करा."

दत्तोबा एके काळी बायकांच्या चेष्टेत स्वतः भर घालणारा माणूस. आता निरोप सांगितला की तो मान वळवून निघून जाई.

पाठीला पाठ लावून बायका बसू लागल्या. आरंभी कोणी सूप मुद्दाम वाजवी, कोणी खोकून दाद देई, आणि दबलेलं हसू फुटे. मग तेही आटलं. अंबूबाईचा गुडघा रोज दुपारनंतर दुखायला लागला. एका खड्यावरून भांडणारी बयाबाई घरी जाताना म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? सूप हलवायचं, घरी जायचं." तिच्या तोंडचं हे बोलणं रतनबाईंना बोचलं.

आणि मग एका दुपारी त्यांच्या सुपात काळा खडा दिसला. चांगला वाटाण्याएवढा. हात पुढे झाला आणि मधेच थांबला. जाऊ दे, असं त्यांच्या मनात आलं, आणि सूप ढिगात रिकामं झालं.

त्या दिवशी घरी घास गिळेना. "मला गिरणीत जायाचं न्हाई," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या. काम सोडल्याचं दुःख नव्हतं, आपला हात असा निर्ढावला याची धास्ती बसली होती. परत गेलो तर उद्या खडा दिसायचासुद्धा नाही, असं वाटत होतं.

आता तेच शेठ त्यांच्या घोंगडीवर बसून गुळाचा चहा पीत होते. बशीत चहा ओतून ते फुंकर मारत राहिले.

"परवा आमच्याकडे पाहुणे होते," शेवटी ते म्हणाले. "बहिणीला बघायला आलेले. पंगत बसली, आणि नवऱ्या मुलाच्या काकांच्या दाताखाली खडा आला. कडकन आवाज झाला. दातच आला हातात."

नथूभाऊंना हसू आवरेना. "सोयरीक मोडली व्हय?"

"नाही, जमली. काका म्हणाले, दात आधीपासून हलतच होता, बरं झालं." शेठही हसले. "पण तांदूळ आमच्याच गिरणीतला. बाबा अंथरुणावरून मला काय काय बोलले ते सांगत नाही."

रतनबाईंनी पदराला हात पुसले. "काळा हुता का खडा?"

"काळाच. का?"

"मंग माजाच आसंल. मला दिसला हुता. मी सोडला."

नथूभाऊंचं हसू थांबलं. शेठनी कपबशी खाली ठेवली. "दिसला, आणि सोडलात? तुम्ही?"

"व्हय. कुणासाठी काडायचा त्येच कळंना झालं. पयलं बयाबाई समोरनं बगायची. आता भिंत बगती."

शेठनी मांडीवरची टोपी उचलून उलटसुलट केली. मग हळूच म्हणाले, "काल बयाबाई आली नाही, अंबूबाई नाही. दत्तोबाला विचारलं, का आल्या नाहीत, तर म्हणाला, ते तुम्हाला सांगायला मला कोणी सांगितलं नव्हतं."

"खरं बोलला गडी," नथूभाऊ पुटपुटले.

"तुम्ही या, रतनबाई. बाकीच्या म्हणतात, रतन आली तर येऊ. रांगा आजपासून पहिल्यासारख्या लावतो. दत्तोबाला काढतो, मुकादमी तुम्हीच करा."

आता मात्र रतनबाई मनापासून हसल्या. "मला नगं ती मुकादमी. बयाबाई माजंच सूप माज्या डोक्यात घालंल. आन् दत्तोबाला का काडता? निरोप काय त्येचं हुतं व्हय?"

"बरं, राहू दे दत्तोबा," शेठ म्हणाले. तापलेल्या तव्यावरून भाकरी उतरली. रतनबाईंनी ती फडक्यात बांधली, वर कांदा ठेवला. हातात पुन्हा हलकेपणा आला होता. नथूभाऊ कौतुकाने बघत म्हणाले, "चला, तांब्या वाचला."

शेठ टोपी घालून उठले. रतनबाई उंबऱ्याशी थांबल्या.

"यते मी शेठ. एक मागणं हाय."

"सांगा ना."

"आमचं काय चुकलं, तर निरोप धाडू नका. तुमी सोता खाली यून सांगा."