माळावरचा भोंगा

भोंगा ऐकला की मोहनकाका आधी मनगटाकडे बघायचे. निम्मं आयुष्य मिरजेत गेलेलं. तिथं नगरपालिकेच्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळं लावायचं. अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी टोर्नेडोचा इशारा देणाऱ्या भोंग्याची टेस्ट व्हायची, तेव्हाही काका ऑफिसात घड्याळ जुळवून घ्यायचे. "बघ शुभा, यांचाही वेळेवर असतो," असं म्हणायचे, जसा काही त्यांनीच बसवलाय.

आम्ही एकाच टीममध्ये होतो, पण ते पन्नाशीचे, म्हणून काका. शनिवारी मला सायकलिंगला न्यायचे. आधी माणसाएवढ्या गवताचा माळ, मग ओकचं रान, पलीकडे जुन्या धनिकांच्या इस्टेटी: दगडी बंगले, तबेले, लांबच लांब कुंपणं. फाटक सताड उघडं असलं तरी काका आत शिरायचे नाहीत. "आपण पाहुणे गं. विचारल्याशिवाय आत पाऊल नाही." दोन हजार एकच्या शेवटी, सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, काका अशाच एका बंगल्याचा फोटो काढत असताना कुणीतरी पोलिसांना फोन केला होता. पोलिसानं चार प्रश्न विचारून सोडलं, पण काकांचं ग्रीन कार्ड अडकलेलं. तेव्हापासून पासपोर्टची झेरॉक्स सायकलच्या पिशवीत असायची. मी चिडवायचे, ते हसायचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एका शनिवारी दुपारी आम्ही माळाच्या मधोमध असताना भोंगा सुरू झाला. काकांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. "आत्ता कसला? दुरुस्ती चाललेली दिसतेय," म्हणाले आणि पेडल मारत राहिले. भोंगा थांबेना. वारा एकदम पडला, पाखरं गप्प झाली, पश्चिमेचं आभाळ शेवाळासारखं हिरवट झालं.

"काका, आज मंगळवार नाहीये."

त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला. रान ओलांडेपर्यंत फांद्या कडाकड मोडायला लागल्या होत्या. समोर एका इस्टेटीचा दगडी तबेला, दारावर 'खाजगी' अशी पाटी. काका पाटीपुढे थबकले. वादळाला घाबरलेत की पाटीला, मला कळेना. मग त्यांनी दार ठोठावलं. अशा वादळात दार ठोठावलं या माणसानं. "एक्सक्यूज मी," ते ओरडले, "वी आर ओन्ली टू पीपल. व्हेरी सॉरी." त्यांनी पुन्हा ठोठावलं. गारा सुरू झाल्या. मी रडायला लागले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं, माझं मनगट गच्च धरलं आणि खांद्यानं धडक देऊन दार उघडलं.

आत मला कोपऱ्यात बसवून ते माझ्यावर ओणवे झाले. वर छप्पर उचकटत होतं आणि त्या आवाजात माझ्या कानाशी काका पुटपुटत होते, "अंबाबाई, पोरीला सांभाळ." स्वतःसाठी त्यांनी काही मागितलं नाही.

वादळ ओसरल्यावर इस्टेटीचा म्हातारा राखणदार धावत आला. काकांनी ओल्या हातानं झेरॉक्स पुढे केली. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "मुलीला लागलं का?" एवढंच विचारलं. काका तिथंच चिखलात बसले.

ग्रीन कार्ड यायच्या आतच त्यांची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसाही. ते मिरजेला परतले आणि दोन हजार आठ साली तिथंच वारले. मला मात्र एक सवय लावून गेले. "आधी आभाळ, मग घड्याळ," असं त्या शनिवारनंतर म्हणायचे.

अजूनही पहिल्या मंगळवारी भोंगा वाजतो. ऑफिसात कुणी मान वर करत नाही. मी उठून खिडकीशी जाते. आभाळ स्वच्छ असतं, तरी भोंगा थांबेपर्यंत मी माझं मनगट धरून उभी राहते.