कोटाच्या खिशातला संसार

ज्याने चोच दिली तोच चारा देतो, त्या विश्वंभराला आधी वंदन असो. त्याने डोंगरांच्या कुशीत सपाट शेते पसरली, शेतांत गहू डोलवला, गव्हावर साळुंक्या, होले, मुनिया सोडल्या. आणि त्या साऱ्यांना हाकलायला आमचा राखणदार नेमला. देवाचा कारभारच असा.

राखणदाराचा आवाज पहाडी, मन मात्र लोण्याचे. "चला मायबाप, झालं पोटभर," अशी तो आरोळी ठोकी. पाखरे ती ऐकत आणि बसून राहत. अखेर बायकोने तगादा लावून त्याच्याकडून बुजगावणे उभे करवून घेतले. अंधाऱ्या माळ्यावरून जुनेर म्हणून त्याने जो कोट ओढून काढला आणि बुजगावण्याला चढवला, तो नेमका त्याचा लग्नातला, एकुलता एक कोट.

हे उघडकीस आले ते मुलीचे होणारे सासरे बोलणी करायला यायच्या सकाळी.

"जा, उतरवून आणा," बायको म्हणाली. "सदऱ्यावर बसलात, तर सोयरीक गेलीच म्हणून समजा."

त्याने जाऊन कोटाच्या खिशात हात घातला, तर आत चिरक पाखराची उघडीवाघडी पिल्ले. चोचीत अळी धरून आई समोरच कडाडत होती.

"बस बाई तू," तो म्हणाला. "माझं मी बघतो."

आणि हात हलवीत घरी आला.

पाहुणे आले ते फुगूनच. "शेतात कोटातले एक गृहस्थ उभे आहेत. नमस्कार केला, वाट विचारली. हात पसरलेले, पण तोंडातून शब्द नाही. तुमचे थोरले बंधू असावेत. एवढा ताठा असलेल्या घरात सोयरीक कशी करायची?"

आतल्या खोलीत मुलीने तोंडात पदर कोंबला.

"तो आमचा कुणी नाही," बायको म्हणाली. "तो शेतातला. घरातलं बुजगावणं हे. स्वतःचा कोट देऊन बसलेत."

"खिशात पिल्लं आहेत," राखणदार खाली मान घालून म्हणाला. "काढवेना."

पाहुणे उठले, शेतात गेले, खिशात डोकावले, पाखराची बोलणी खाऊन परतले. मग त्यांनी आपला कोट उतरवून खुंटीला टांगला आणि सदऱ्यावर बैठक मारली.

"शेतातल्या विहीणबाईंचा आवाज खणखणीत आहे," ते म्हणाले. "लग्न पिल्लं उडाल्यावर धरू. तुम्हाला कोट लागेल."

देवा, त्या घराला सुखात ठेव. लेकीचा संसार त्या खिशासारखा उबदार होवो, माउलीची जीभ अशीच धारदार राहो, आणि राखणदाराच्या आरोळीला एकही पाखरू कधी भीक न घालो.