चार मापटी पोहे

माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं मला सगळा हिशेब येतो असा माझा समज होता. गिरणीत कापडाच्या फोल्डिंग खात्यात होतो. वाराचे मीटर तोंडपाठ. नऊ वाराचं लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. साहेबसुद्धा मलाच विचारायचा. मग डोकं जाग्यावर कशाला राहतंय?

बायकोला अक्षरओळख नव्हती. तिच्याकडं एक पितळी मापटं होतं. ज्वारी, डाळ, शेंगदाणे, सगळं ती त्यानंच भरून घ्यायची. आता ती नाही. मापटं आहे.

दुष्काळ सरल्यावर पुढच्या वर्षी लेकीला बघायला नातेपुत्याची आठ माणसं यायची होती. आधीची दोन स्थळं परत गेलेली. बायकोला चार दिवस घास गोड लागत नव्हता. सकाळी म्हणाली, "चार मापटी पोहे आना. आन मापटं संगं न्या."

मी कशाला नेतोय? गिरणीतला हुशार माणूस हातात भांडं घेऊन पेठेतनं जाणार? मागं एकदा मापटंभर ज्वारी तोलून बघितली होती, अर्धा किलो भरली होती. म्हणजे चार मापटी दोन किलो. वाराचा मीटर होतो, तर मापट्याचा किलो का होऊ नये?

दुकानदार म्हणाला, "काका, लई हुतील की."

म्हटलं, "तू तोल."

घरी येऊन मदत म्हणून सगळे पोहे परातीत भिजवूनही टाकले. बायकोनं कांदा, मिरची, मीठ, हळद चार मापट्यांच्या अंदाजानं काढून ठेवलेलं. लेकीला सांगितलं, "परातीतलं समदं टाक," आणि ती पाहुण्यांना पाणी द्यायला गेली. लेक आज्ञाधारक. समदं टाकलं.

पांढरेफटक पोहे बशीतनं बाहेर सांडत आले. एक कांदा नातेपुत्याला, तर दुसरा माळशिरसला. मुलाच्या आईनं एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली.

"पोरीनं केले?"

लेकीची मान खाली. बायकोनं माझ्याकडं बघितलं, आणि मला परातीचा उलगडा झाला.

म्हटलं, "केले तिनं, बिघडवले म्या." मग ज्वारीपासून दोन किलोपर्यंत सगळी हुशारी सांगितली.

मुलाचा बाप शेतकरी माणूस. हसून म्हणाला, "पावनं, वार आन मीटर, दोन्ही लांबीच मोजत्यात. मापटं जागा मोजतंय, किलो वजन. आमच्याकडं मापटंभर करडई आन मापटंभर ज्वारी सारखी भरत न्हाय. पोह्यात तर निम्मी हवाच."

मुलाच्या आईनं लेकीला विचारलं, "तू कसं मोजतीस गं? बापावानी?"

"आईवानी. मापट्यानं."

"मग थोडं मीठ आण," म्हणून बाईनं बशी पुन्हा उचलली.

पोहे गल्लीनं दोन दिवस खाल्ले. बायकोनं ही गोष्ट वीस वर्षं येईल त्याला सांगितली. मला राग यायचा. आता कुणी सांगत नाही, घर कसं शांत आहे, ज्याला शांतता हवी त्यानं येऊन राहावं.

वर्षश्राद्धाला लेक नातेपुत्याहून आली. मापटं मागितलं. म्हटलं, "मी गेल्यावर ने." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यानंच मोजून पोहे केले. मीठ, कांदा, सगळं जिथल्या तिथं. मी एक घास घेतला आणि बशी खाली ठेवली.

"पोरीनं केले?"

ती हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली.