दुमदार

उदगिरात चौबाऱ्याजवळ 'न्यू दख्खन फोटो स्टुडिओ' होता, आणि त्यातलं 'न्यू' तीस वर्षांचं जुनं झालं होतं. मालक पाशामियाँ. गावात त्यांच्या कॅमेऱ्याबद्दल कुणी फार बोलत नसे, बोलत ते त्यांच्या टचिंगबद्दल. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा, डोळ्याला भिंग लावायचं आणि मग एका हातात टोकदार पेन्सिल, दुसऱ्या हातात ब्लेडचा तुकडा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. फोटोत जे उजळायचं ते पेन्सिलीनं भरायचं आणि फोटोतला पांढरा डाग घालवायचा तर निगेटिव्हवरून तो खरवडायचा. पाशामियाँच्या हाताखालून गेलेल्या चेहऱ्यावर मुरूम राहत नसे, देवीचे व्रण राहत नसत, आणि खरं सांगायचं तर कधी कधी तो माणूसही राहत नसे. पण लोकांना तेच हवं असायचं. लग्नाच्या मुलीचा फोटो देवणीपासून निलंग्यापर्यंत फिरायचा आणि पसंती यायची. पुढे मुलगी प्रत्यक्ष बघितल्यावर काय व्हायचं, त्याला पाशामियाँ जबाबदार नव्हते.

लातूर जिल्हा झाला तसा धंदा वाढला. नवं सरकारी दफ्तर, नवे अर्ज, आणि अर्जाला चिकटवायला ज्याचा त्याचा नवा फोटो. दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असायची. पण संध्याकाळी दुकान बंद करून घरी जावं, तर 'आज किती उशीर' म्हणायला कुणी नव्हतं. जिल्हा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी गौसिया गेली होती. एकुलती मुलगी साबेरा बिलोलीला दिलेली.

साऱ्या उदगीरचे फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरात बायकोचा फोटो एकच होता. लग्न झालं त्या वर्षीचा, काचेच्या मोठ्या निगेटिव्हवर काढलेला. गौसियाच्या डाव्या गालावर लहानपणी तेल उडून पडलेला एक फिकट डाग होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि त्याला एका बाजूनं बारीक ओघळ. तिचे वालिद तिला लाडानं 'दुमदार' म्हणत. दुम म्हणजे शेपूट, आणि दुमदार सितारा म्हणजे आपला शेंडीवाला तारा, धूमकेतू. त्यांनी तो पोरवयात पाहिला होता, निजामाच्या अमलात, किल्ल्याच्या बाजूला अर्ध्या आभाळापर्यंत पसरलेला. 'छिहत्तर साल बाद फिर आएगा, मैं नहीं रहूँगा, तू देखना,' असं ते लेकीला सांगून गेले.

गौसियानं ते मनावर घेतलं. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता ती मधूनच विचारायची, "अब कितने साल बचे जी?" पाशामियाँ हसण्यावारी न्यायचे. हिशेब तिलाच पाठ होता. ती गेली तेव्हा तीन वर्षंही उरली नव्हती.

त्या एका फोटोचं असं झालं. नव्या नवरीला खूश करावं म्हणून पाशामियाँनी सलग दोन दुपारी खपून तिच्या गालावरचा डाग मुळासकट खरवडला. गाल कसा काचेसारखा झाला. फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडं धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ये कौन जी?"

पाशामियाँना वाटलं, कौतुक करतेय. ते दिवसभर खुशीत होते. पण त्यानंतर गौसिया पुन्हा कॅमेऱ्यापुढं बसली नाही. कितीदा आर्जवं केली तरी एकच उत्तर, "एक बार पोंछ दिए ना, बस हो गया."

शहाऐंशी साल उजाडलं ते कोरडंच. दोन पावसाळे रुसलेले, विहिरींना तळ दिसलेला, गावात एक दिवसाआड टँकर. लोक म्हणायला लागले, शेंडीवाला तारा आलाय म्हणून दुष्काळ पडलाय. त्यावर साहेबराव गुरुजी भडकायचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्या घरात ग्रहणालाही कुणी दार लावून बसत नसे. "दुष्काळ आधी आला, धूमकेतू मागनं आला," ते पारावर ओरडून सांगायचे, "मागनं आलेल्यानं आधीचं कसं केलं?" संक्रांतीनंतर लातुरात नव्या जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. उदगिरात काढलेला धूमकेतूचा फोटो तिथं मांडायचा, असं गुरुजींच्या डोक्यानं घेतलं आणि ते थेट स्टुडिओत आले.

"मियाँ, लई फिकट हाय तो. पण तुमचा कॅमेरा धरंल त्याला."

पाशामियाँनी पैशाचं विचारलं नाही, प्रदर्शनाचं विचारलं नाही. "दुमदार?" एवढंच विचारलं. आणि हातातला गिऱ्हाइकाचा फोटो अर्धा सोडून उठले.

शटर बराच वेळ उघडं ठेवलं की तेवढ्यात पृथ्वी फिरते, तिच्याबरोबर कॅमेराही फिरतो आणि ताऱ्यांच्या रेघोट्या उठतात. त्यावर गुरुजींनी सुताराकडून एक सोय करून घेतली होती. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, आणि खालून एक लांब बोल्ट. बिजागरी ध्रुवाकडं रोखायची, वरच्या फळीवर कॅमेरा बांधायचा आणि घड्याळाचा काटा बघत मिनिटाला एक फेरा याप्रमाणं बोल्ट फिरवायचा. हे सगळं मांडलं गावाबाहेरच्या तळ्यात. तळं आटून भेगाळलं होतं, म्हणून तर मध्यभागी जाऊन उभं राहता आलं. पश्चिमेला एकही झाड आड येत नव्हतं. एरवी तिथं डोक्याइतकं पाणी असायचं.

दिवेलागण उलटल्यावर अंधार पडला. गुरुजींनी दुर्बीण लावून हात केला, "त्यो बघा चमकतोय, त्याच्या जरा वर." पाशामियाँचे डोळे घड्याळावर. त्यांनी एकदाच मान वर केली, दिव्यासारखा ठसठशीत तारा दिसला आणि त्यांची खात्री पटली. सासऱ्यांनी सांगितलेला तारा असाच असणार. दहा मिनिटं त्यांनी बोल्ट फिरवला.

फिल्म धुवायला पाणी होतं टँकरचं. दोनदा फडक्यातून गाळलं तरी निगेटिव्हवर कचकच बसलीच, जागोजाग ठिपके. पाशामियाँनी तिला काचेवर घेतलं. हिशेब सोपा होता. जी टिंबं टोकदार ते तारे, जे पसरट आणि फिकट ते पाण्याचे डाग. सारी सकाळ बसून त्यांनी एकेक डाग खरवडला. इतकं स्वच्छ आभाळ उदगिरावर कधी उगवलं नसेल.

गुरुजींनी फोटो टेबलावर ठेवला, वर्तमानपत्रातला आभाळाचा नकाशा शेजारी पसरला आणि भिंग लावलं.

"हा काय, ठळक आलाय की," पाशामियाँनी बोट ठेवलं.

"मियाँ, हा गुरू हाय. हे चार तारे बी नकाशापरमाणं बरोबर हायत." गुरुजींचं भिंग वर सरकलं आणि थांबलं. "अन् हितं काय होतं?"

"हितं? हितं घाण होती. पसरट, लई फिकट. काढली."

गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. मग एकदम उसळले. "अवो, त्योच होता त्यो! शहात्तर वर्षं चालत आला, अन् तुम्ही त्याला ब्लेडनं खरवडून टाकलं?" आणि मग त्यांना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईतो हसले. अख्ख्या जगात धूमकेतू पुसून टाकणारा फोटोग्राफर एकटा उदगीरचा!

पाशामियाँना हसता येईना. ते त्या काळ्याभोर, स्वच्छ जागेकडं बघत राहिले. इथं काहीतरी होतं आणि आपण ते नेटकेपणानं, मनापासून, कौतुक व्हावं म्हणून काढून टाकलं. बत्तीस वर्षांपूर्वी फोटो उजेडाकडं धरून गौसियानं काय विचारलं होतं, ते त्यांना आत्ता कळलं. आणि कळलं ते सांगायला ती नव्हती.

"गुरुजी, अजून हाय ना तो? गेला न्हाई ना?"

"हाय. पण रोज सूर्याकडं सरकायलाय. चार-आठ दिवसांत उजेडात बुडंल."

अमावास्या झाल्यावर दुसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा तळ्यात उतरले. या वेळी पाशामियाँनी आधी दुर्बीण मागून घेतली. गुरूच्या वर, जरा उजवीकडं. बराच वेळ काही दिसेना. मग दिसला. चिमूटभर पीठ सांडून वर बोट फिरवावं तेवढाच. अर्ध्या आभाळाचा नव्हता, ठसठशीत नव्हता. तिनं यासाठी वर्षं मोजली होती. ती असती तर 'बस, इतना सा?' म्हणाली असती आणि तरी मान मोडेपर्यंत बघत बसली असती. हे पाशामियाँना इतकं स्पष्ट ऐकू आलं की दुर्बीण खाली करवेना.

"मियाँ, बोल्ट," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या निगेटिव्हला त्यांनी ब्लेड लावलंच नाही. ठिपके, डाग, एक वाळूचा कण, सगळं जसंच्या तसं छापलं. लातूरला परीक्षकांनी विचारलं, यात धूमकेतू कुठला? गुरुजींनी बोट ठेवलं. आणि हे बाकीचे? "ते टँकरचं पाणी, साहेब. त्ये बी ह्याच सालचं हाय," गुरुजी म्हणाले. बक्षीस मिळालं नाही. त्याच फोटोची एक प्रत पाशामियाँनी स्टुडिओत लावली. गिऱ्हाइकं म्हणायची, मियाँ, जरा साफ करा की. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग एका दुपारी त्यांनी पेटीच्या तळातून काचेची जुनी निगेटिव्ह काढली. खरवडलेली जागा उजेडात लगेच सापडली. पेन्सिलीला टोक केलं. फोटोत जे उजळायचं ते पेन्सिलीनं भरायचं, हे त्यांच्याइतकं उदगिरात कुणाला ठाऊक होतं? दाणा सहज भरला. आणि पेन्सिल अडली. दुम कुठं होती? कानाकडं की ओठाकडं? डोळे मिटले तर दोन्हीकडं दिसायची. तीस वर्षं रोज समोर असलेला चेहरा, आणि हजारो परक्या चेहऱ्यांचा एकेक तीळ पाठ असलेल्या माणसाला तेवढं आठवेना. पाशामियाँना स्वतःची शरम वाटली.

त्यांनी साबेराला कार्ड टाकलं. आठव्या दिवशी बिलोलीहून उत्तर आलं. इकडची खुशाली, पोरांची शाळा, पाण्याचे हाल, आणि शेवटी दोन ओळी. 'अब्बा, अम्मीची दुम कानाकडे होती. निजताना मी तिच्यावर बोट फिरवायची. तुम्हाला कसं माहीत नाही?'

त्याच दिवशी त्यांनी कानाकडं ओघळ काढला आणि डार्करूममध्ये जाऊन फोटो छापला. डेव्हलपरमध्ये आधी केस आले, मग डोळे, मग हनुवटीखालची सावली, हळूहळू गाल. डाग शेवटपर्यंत पांढरा राहिला. फोटोतली बाई आता गौसियासारखी दिसत होती. सारखी, एवढंच. दुम जरा जास्तच लांब झाली होती. सवयीनं त्यांचा हात ब्लेडकडं गेला. त्यांनी ते उचललं, थोडा वेळ धरलं, आणि खाली ठेवून ओला फोटो दोरीला अडकवला.