हिराक्काचा काकवीतला कोंबडा

हिराक्का कोंबडं स्वतः कापायची. आमच्या यवतच्या बाजूला कोंबडं रांधायचं बाईनं आणि कापायचं गड्यानं, अशी रीत. आक्कानं ती कधी मानली नाही. दोन्ही पंख पायाखाली दाबायचे, मान मागं ओढायची आणि विळ्याचा एक घाव. धडपड थांबेपर्यंत ती नजर हलवायची नाही. कुणी म्हणालं, "आक्का, बाईमाणसाला हे शोभत न्हाई," की विळा राखेनं घासत म्हणायची, "मग तू ये. मान तू पुढं कर."

ती माझी थोरली बहीण. माझी शाळा चौथीत सुटली, लिहायला बसलो की हात अवघडतो. पण आक्काबद्दल दुसरं कुणी लिहील ते गोड करून लिहील, म्हणून मीच लिहितो. ती गोड बाई नव्हती. नवरा लवकर गेला, माझ्या रानाशेजारी तिचं रान, पदरात एक पोरगी सुमन. पाटाच्या पाण्याची तिची पाळी असताना शेजारच्या बापूनं एकदा पाणी आपल्या उसाला वळवलं. आक्कानं त्याच्या नडगीवर फावडं घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या बांधावरून ऐकला. मग तिनंच टेम्पो थांबवला, त्याला दवाखान्यात नेलं, आणि प्लास्टर घालून आल्यावर कोंबड्याचा डबा पाठवला. बापू आजही लंगडतो, आणि आजही म्हणतो, तसं कालवण पुन्हा खाल्लं नाही.

कालवण म्हणजे रस्सा नव्हे. माझं गुऱ्हाळ होतं. काहिलीत उसाचा रस आटत आला, गूळ व्हायच्या आधी मधासारखा दाट झाला, की ती काकवी. आक्का तांब्या घेऊन यायची आणि मला न विचारता भरून न्यायची. गावठी कोंबडा हळद-मीठ घालून आधी उकडायचा. मग लोखंडी कढईत तेल, ठेचलेलं आलं-लसूण, काळं तिखट, आणि तुकडे लाल होईपर्यंत परतायचे. शेवटी चिंचेचा कोळ आणि वरून काकवी. मग जाळ मोठा करून उलथन्यानं हलवत राहायचं. काकवी आटते, तुकड्याला चिकटते, तुकडा काचेसारखा चमकायला लागतो. आधी गोड लागतं, मग आंबट, आणि घास गिळल्यावर तिखट कानातून निघतं. क्षणभर दुर्लक्ष झालं की जळून कडू. आक्का म्हणायची, "काकवी टाकली की चुलीकडं पाठ करायची न्हाई. नवऱ्याकडं केली तर चालंल." उकळती काकवी अंगावर उडाली तर पाण्यासारखी ओघळत नाही, चिकटून बसते आणि कातडी घेऊनच निघते. आक्काचे दोन्ही हात कोपरापर्यंत डागांनी भरलेले होते.

सुमनला आम्ही पाबळच्या बाजूला दिली. जावई भरत, कारखान्यांना माणसं पुरवायचा ठेकेदार. घरात फरशी, दारात बोलेरो. मारायचा. पहिल्यांदा सुमन आली तेव्हा ओठ फाटला होता. दुसऱ्यांदा पुढचे दात नव्हते. तिसऱ्यांदा यवतला एसटीतून उतरली ती डावा हात उजव्या हातात धरून, आणि मी मागून हाक मारली ती तिला ऐकूच आली नाही. मोटारीच्या पट्ट्यानं मारलं होतं. एक कान गेला होता.

आमच्याकडं अशा वेळी बैठक बसते. दोन्हीकडची जाणती माणसं येतात, जावई चुकलो म्हणतो, मग कोंबडं कापतात. सगळे एका पंगतीला बसतात आणि सासू कोंबड्याचं काळीज जावयाच्या ताटात वाढते. ते त्यानं खाल्लं की मिटलं. पोरगी त्याच्याबरोबर जाते. दोनदा आक्कानं काळीज वाढलं होतं आणि दोनदा सुमन गेली होती. तिसरी बैठक मीच बोलावली. आजही म्हणतो, रीतीप्रमाणं बोलावली. आक्का त्या दिवशी सकाळी म्हणाली, "नामा, ह्या खेपेला गेली तर तिरडीवर येईल."

मी म्हणालो, "माणसं बोलावलीत. त्यांच्यापुढं बोल."

"माणसांपुढं बोलून दोनदा झालं. तू काकवी दे."

बैठक झाली. भरतनं मान खाली घातली. "चुकलो मामा. दारूच्या भरात झालं. पुन्हा हात लावणार न्हाई." त्याचे चुलते आप्पा म्हणाले, "पोरगं कबूल करतंय, आता ताणू नका." सुमन चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती, पिशवी भरून शेजारी ठेवलेली. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

पंगत बसली. आक्का कढईसकट आली. सगळ्यांना वाढलं, भरतला वाढलं, आणि ती वळली. उलथन्याच्या टोकावर काळीज घेतलं, चुलीजवळ गेली, कढई पुन्हा जाळावर टेकवली आणि काळीज सुमनच्या ताटात टाकलं. म्हणाली, "खा."

सुमननं आईकडं पाहिलं आणि ते तोंडात टाकलं.

भरतनं ताट लाथाडलं. भाकरी आप्पांच्या मांडीवर गेली. चार ढांगांत तो चुलीपाशी पोचला, सुमनचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. चुकलो म्हणालेलं तोंड अजून ओलं होतं. मी उठेपर्यंत आक्कानं कढईतलं उलथनं त्याच्या मनगटावर घातलं होतं. पहिल्या घावाला मूठ सुटली. दुसरा घाव तोंडावर. काकवी उकळती होती, गालाला बसली, ती पुसायला त्यानं हात लावला तर हातालाही बसली. असा ओरडला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. खाली पडल्यावरही आक्का थांबली नाही. बरगड्यांत मारलं, गुडघ्यावर मारलं. आम्ही तिघांनी मिळून ओढली तेव्हा तिच्या हातात उलथन्याचा नुसता दांडा राहिला होता.

भरत रडत म्हणाला, "केस करीन म्हातारे. आत घालीन तुला."

"कर. सांग, सासूनं जेवाया बोलावलं व्हतं."

त्याच्या माणसांनी त्याला उचलून बोलेरोत घातलं. आप्पा मात्र दारात उभे राहिले. आक्का त्यांना म्हणाली, "आप्पा, तुम्ही वडीलधारं माणूस. उपाशी जाऊ नका. बसा, गार व्हतंय." आणि आप्पा बसले. मांडीवरची भाकरी उचलली आणि खाल्ली. निघताना एवढंच म्हणाले, "पोरीला पाठवू नका."

केस झाली. ठाण्यात सुमननं तोंड उघडून दातांची रिकामी जागा दाखवली, कान दाखवला, उलट त्याच्यावर केस झाली. शेवटी तडजोडीत फारकत झाली. मी आक्काशी दिवाळीपर्यंत बोललो नाही. माझ्या बोलावण्यावर आलेल्या माणसांच्या पंगतीत रक्त सांडलं, हे मला अजून पटलेलं नाही. दिवाळीला ती तांब्या घेऊन गुऱ्हाळावर आली, न विचारता काकवी भरली आणि म्हणाली, "रुसून झालं असंल तर जेवाया ये." गेलो.

गेल्या वर्षी तिला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. पाजायला गेलं तर चांगल्या हातानं वाटी उडवायची. एकदा माझ्या नाकावर अशी बसली की रक्त आलं. सुमन म्हणाली, "मामा, ओळखलं तुम्हाला तिनं." महिनाभरात आक्का गेली.

सावडायच्या दिवशी माणसं जमलेली असताना भरत आला. गळ्यात उपरणं, चेहरा पाडलेला. सगळ्यांदेखत सुमनपुढं उभा राहिला. "झालं गेलं विसरू. आता तुझं हाय कोण हितं? चल घरी."

जाणती माणसं माझ्याकडं बघायला लागली. आप्पा नव्हते, ते आधीच वारले होते. मी काही बोलणार, तेवढ्यात सुमन पदर खोचून पुढं आली. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं बघून, दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, दुखवट्याला आलेला माणूस हाय. च्या द्या. पिऊन झाला की उठवा. न्हाई उठला, तर मी उठवते."

भरतनं चहा अर्धा ठेवला आणि उठला.